कावाबाता वाचून झाला. आता त्याचा गोतावळा

एखादा जपानी लेखक अचानक हाती लागतो, दोन रात्रींत पुस्तक संपतं आणि मग आपण अडतो. आता पुढे काय? बहुतेक जण 'याच्यासारखा दुसरा कोण?' असं शोधायला लागतात. मीही तेच केलं आणि त्यात माझी दोन-तीन वर्षं गेली. यादीतलं एक पुस्तक इकडचं, एक तिकडचं. कुणाचा कुणाशी संबंध कळेना. पुढे मी शोधण्याची पद्धत बदलली. लेखकासारखा दुसरा शोधणं सोडलं आणि त्याचा गोतावळा शोधायला लागले. त्यानं कुणाला गुरू मानलं, त्याचं कुणाशी वाजलं, त्याच्याकडे कोण यायचं-जायचं, त्याला दुसऱ्या भाषेत कुणी नेलं. या धाग्यांनी गेलं की प्रत्येक नवं पुस्तक आधीच्या पुस्तकाशी बोलायला लागतं.

या लेखासाठी मी कावाबाता यासुनारी धरला आहे. तुम्ही त्याची 'स्नो कंट्री' वाचली आहे असं समजू. मूळ नाव 'युकिगुनी', म्हणजे हिमप्रदेश. तुमचा पहिला लेखक वेगळा असेल तरी पद्धत हीच. आजच्या मुराकामी हारुकीच्या कादंबऱ्यांवरून आलेल्यांसाठी वाटेत एक फाटा सांगितला आहे.

आधी दोन गोष्टी नीट करून घ्या

पहिली, नावं. जपानीत आडनाव आधी येतं. कावाबाता हे आडनाव, यासुनारी हे नाव. इंग्रजी मुखपृष्ठांवर बहुधा उलट छापतात, त्यामुळे ग्रंथालयात किंवा ऑनलाइन शोधताना दोन्ही प्रकारांनी शोधा. काही लेखक मात्र टोपणनावानंच ओळखले जातात. नात्सुमे सोसेकीला सगळे सोसेकी म्हणतात, नात्सुमे नाही.

दुसरी, कालगणना. पुस्तकांत मेइजी, तैशो, शोवा असे शब्द सारखे येतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मेइजी १८६८ ते १९१२, तैशो १९१२ ते १९२६, शोवा १९२६ ते १९८९. शके आणि इसवी सन यांची सांगड घालायची सवय आपल्याला आहेच. सम्राट बदलला की वर्षं पुन्हा एकपासून मोजतात, एवढंच लक्षात ठेवायचं.

त्याच वहीत पात्रांची नावं आणि नाती लिहायला मात्र आळस करू नका. चार बहिणींच्या कादंबरीत पन्नासाव्या पानावर कोण कोणाची कोण हे विसरलं की पुस्तक तिथंच बंद पडतं.

पहिली पायरी: जे वाचलं त्याचं पहिलं पान पुन्हा उघडा

'युकिगुनी'चं पहिलं वाक्य जपानमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असतं. मराठीत ते साधारण असं होईल: 'सरहद्दीवरचा लांब बोगदा ओलांडला, तर हिमप्रदेश.' बोगदा कोणी ओलांडला, ते वाक्यात नाही. एडवर्ड साइडनस्टिकरच्या १९५६ च्या इंग्रजी अनुवादात तिथं 'आगगाडी' येते, कारण इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो. मराठीला लागत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेनं जाताना करबुड्याचा बोगदा संपतो आणि आपण नुसतं म्हणतो, 'आलं रत्नागिरी.' कोण आलं, कुठून आलं, कुणी विचारत नाही. गाडी, प्रवासी आणि वाचक एकदमच बाहेर पडतात. मूळ वाक्यात हेच होतं.

लगेच पुढचं वाक्य: 'रात्रीचा तळ पांढरा झाला.' रात्रीला तळ असतो, विहिरीला असतो तसा! साइडनस्टिकरनं तिथं रात्रीच्या आकाशाखाली जमीन पांढरी पसरलेली दाखवली आहे. सुरेख वाक्य आहे, पण तळ गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याच्यामुळेच आपण कावाबातापर्यंत पोचलो. पण इंग्रजीतून जपानी वाचताना एखादं वाक्य फार सरळ वाटलं, तर मनातल्या मनात ते मराठीत म्हणून बघा. कर्ता वगळा, क्रियापद शेवटी न्या. संवाद असेल तर हा माणूस तिला 'तू' म्हणत असेल की 'तुम्ही' याचा अंदाज बांधा. 'युकिगुनी'तला प्रवासी शिमामुरा आणि गेइशा कोमाको यांच्यातलं अंतर कुठं कमी होतं आणि कुठं वाढतं ते या एका प्रश्नानं कितीतरी उलगडतं. जपानीत आदराचे थर क्रियापदातच असतात. इंग्रजीत ते पुसले जातात, मराठी वाचकाला ते निदान कल्पनेनं परत आणता येतात.

दुसरी पायरी: त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक, पण कोणतं?

इथं पुष्कळ जण चुकतात आणि 'थाउजंड क्रेन्स' उचलतात, कारण त्यात चहाचा विधी आहे आणि तो 'फार जपानी' वाटतो. पण १९६८ साली नोबेल स्वीकारताना कावाबातानं स्वतःच सांगितलं होतं की, ही कादंबरी चहाविधीच्या सौंदर्याचं गुणगान म्हणून वाचणं चूक आहे. त्या विधीत शिरलेल्या हिणकसपणाबद्दलची ती शंका आहे, इशारा आहे. ते माहीत नसेल तर पुस्तक हातातून निसटतं. ती नंतर वाचा.

दुसरं पुस्तक म्हणून मी 'द साउंड ऑफ द माउंटन' सुचवीन. कामाकुरातलं घर, साठी ओलांडलेला शिंगो, त्याची बायको, बाहेर भानगड असलेला मुलगा, दोन मुली घेऊन माहेरी परतलेली लेक आणि या सगळ्यांत सासऱ्याशी मूक जिव्हाळा असलेली सून किकुको. एका रात्री शिंगोला डोंगराचा आवाज ऐकू येतो आणि हे आपल्या मरणाचं बोलावणं तर नाही ना, असं त्याला वाटतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही या घरातल्या न बोललेल्या गोष्टी कळतील. नारुसेनं १९५४ मध्ये यावर चित्रपट केला, त्यात सेत्सुको हारा सून झाली आहे. आधी पुस्तक, मग चित्रपट.

सोबत कावाबाताच्या तळहाताएवढ्या कथा ठेवा. 'पाम-ऑफ-द-हँड स्टोरीज' या नावानं त्या मिळतात. अशा कथा तो तरुणपणापासून शेवटपर्यंत लिहीत राहिला. दोन-तीन पानांची एक कथा. रोज एकच वाचायची आणि पुस्तक मिटायचं. शिरीष पै यांनी मराठीत आणलेला हायकू तुम्हाला आवडला असेल, तर या कथा कशा चालतात ते सांगावं लागणार नाही.

'द मास्टर ऑफ गो' ही माझी सगळ्यांत लाडकी. गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. १९३८ मध्ये शुसाई या वयोवृद्ध गो-सम्राटाचा निवृत्तीचा सामना झाला. एकच डाव, जूनमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरात संपला. कावाबाता वर्तमानपत्रासाठी त्याचं वार्तांकन करत होता. कादंबरी त्यातून निघाली. गो खेळता येत नसेल तरी वाचा.

तिसरी पायरी: 'काही घडतच नाही' या तक्रारीचा माग काढा

कावाबाता वाचून तुम्हाला असं वाटलं असेल, तर ती तक्रार टाकून देऊ नका. तीच पुढची वाट आहे. 'युकिगुनी' १९३५ ते १९३७ या काळात वेगवेगळ्या मासिकांत तुकड्या-तुकड्यांनी छापली गेली आणि आज आपण वाचतो ते रूप १९४८ मध्ये आलं. लेखक पुढचा तुकडा जोडत गेला. शेवट ठरवून तिकडे चालत निघालेली ही कादंबरी नाहीच.

आणि कादंबरीला कथानक लागतं का, यावर जपानमध्ये १९२७ साली उघड वाद झाला होता. एका बाजूला आकुतागावा र्‍युनोसुके, दुसऱ्या बाजूला तानिझाकी जुनिचिरो. आकुतागावाचं म्हणणं, कथा अशी नसलेली कथाही शुद्ध असू शकते. तानिझाकीचं म्हणणं, बांधणी हेच तर कादंबरीचं बळ. त्याच वर्षी जुलैत आकुतागावानं आत्महत्या केली आणि वाद अर्धा राहिला.

हा वाद तुम्ही स्वतः वाचून तपासू शकता, आणि ते अवघड नाही. आकुतागावानं ज्याला आदर्श मानलं त्या शिगा नाओयाची 'अ‍ॅट किनोसाकी' ही छोटी कथा वाचा. यामानोते मार्गावरच्या गाडीची धडक बसून वाचलेला माणूस गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी बरा व्हायला जातो. तिथं त्याला एक मेलेली मधमाशी, जगण्यासाठी धडपडणारा उंदीर आणि एक पाल-सरड्यासारखा पाणजीव दिसतो. बस, इतकंच. 'द पेपर डोअर' या लेन डनलॉपच्या अनुवादित संग्रहात ती आहे. मग खुद्द आकुतागावाच्या 'राशोमोन', 'इन अ ग्रोव्ह' आणि 'हेल स्क्रीन' या कथा घ्या. गंमत अशी की कथा नसलेल्या कथेची बाजू घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या कथा घट्ट बांधलेल्या आहेत. कुरोसावाच्या १९५० च्या चित्रपटाचं नाव 'राशोमोन', पण त्यातली खुनाची आणि परस्परविरोधी साक्षींची गोष्ट 'इन अ ग्रोव्ह'मधली आहे. चित्रपट पाहून 'राशोमोन' कथा वाचायला घेणाऱ्यांचा इथंच गोंधळ होतो.

चौथी पायरी: तानिझाकीकडे मुक्काम

इथं घाई करू नका. या गोतावळ्यातलं सर्वांत भरलेलं घर हेच.

'इन प्रेझ ऑफ शॅडोज' या १९३३ च्या दीर्घ निबंधापासून सुरुवात करा. शंभर पानांच्याही आतला आहे. विजेच्या लख्ख उजेडात सोनेरी नक्षीचं लाखकाम भडक दिसतं; तेच अंधाऱ्या खोलीत एका मेणबत्तीच्या उजेडात बघा, मग ते सोनं कशासाठी होतं ते कळतं, असं तो म्हणतो. ज्यांनी जुन्या वाड्याच्या देवघरात समईच्या उजेडात पितळेचे देव पाहिले आहेत, त्यांना हे पान डोळ्यांसमोर दिसेल. तानिझाकीचं सगळंच पटतं असं नाही. वर्णाबद्दलची त्याची काही वाक्यं आज खटकतात, खटकायलाच हवीत.

मग 'द माकिओका सिस्टर्स'. मूळ नाव 'सासामेयुकी'. ओसाकातल्या जुन्या व्यापारी घराण्यातल्या चार बहिणी. थोरल्या दोघींची लग्नं झालीत, तिसऱ्या युकिकोचं जमत नाही आणि ती उजवल्याशिवाय धाकट्या ताएकोला बोहल्यावर चढता येत नाही. स्थळं येतात, मध्यस्थ येतात, दोन्हीकडून घराण्याची चौकशी होते, दाखवण्याचा कार्यक्रम होतो, फिसकटतो. पाचशेहून जास्त पानं हेच चालतं. कांदेपोह्यांचे कार्यक्रम पाहिलेल्या मराठी वाचकाला या कादंबरीची प्रस्तावना लागत नाही. ताएकोला घरात 'कोइसान' म्हणतात. धाकट्या लेकीला हाक मारायचा हा ओसाकाकडचा शब्द, आणि साइडनस्टिकरनं अनुवादातही तो तसाच ठेवला, हे फार चांगलं केलं.

१९४३ मध्ये ही कादंबरी मासिकात यायला लागली आणि लष्करी अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. युद्ध चाललंय आणि हा माणूस किमोनो आणि चेरीचा बहर लिहितोय! तानिझाकी लिहीत राहिला; युद्धानंतर ती पूर्ण प्रकाशित झाली. वाचताना मागं युद्ध जवळ येतंय हे ध्यानात ठेवा. पात्रांना ते माहीत नाही, लेखकाला माहीत आहे. शेवट आधीच सांगते, कारण त्यानं काही बिघडत नाही: लग्नासाठी तोक्योला निघालेल्या युकिकोचं पोट बिघडतं आणि ते गाडीतही थांबत नाही. इथं कादंबरी संपते. कथानकाचा कैवार घेणाऱ्या तानिझाकीनं एवढ्या मोठ्या कादंबरीचा असा शेवट केला. १९२७ चा वाद आठवा आणि कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

पाचवी पायरी: भांडणाचा धागा

१९३५ मध्ये पहिलं आकुतागावा पारितोषिक दिलं गेलं. दाझाई ओसामु शर्यतीत होता आणि हरला. परीक्षक कावाबातानं लिहिलं की, लेखकाच्या सध्याच्या आयुष्यावर एक अप्रिय मळभ आहे. दाझाईनं छापील उत्तर दिलं: छोटे पक्षी पाळणं आणि नाच बघणं, हेच का ते थोर जगणं? पुढच्याच वर्षी त्यानं त्याच कावाबाताला, पारितोषिक मला द्या, असं विनवणारं पत्रही लिहिलं. ते त्याला कधीच मिळालं नाही.

हे माहीत करून दाझाई वाचला की कावाबाताचं मौन आणि दाझाईचा आक्रोश एकाच काळातले आहेत हे जाणवतं. आधी 'द सेटिंग सन' घ्या, मग 'नो लाँगर ह्यूमन'. दोन्ही डोनल्ड कीनच्या अनुवादात मिळतात. 'नो लाँगर ह्यूमन' आज तरुणांमध्ये खूप चालते, पण मन आधीच खाली गेलेलं असताना ती उघडू नका. हे मी काळजीनं सांगते आहे.

एक गोष्ट इथंच बोलायला हवी. आकुतागावा १९२७, दाझाई १९४८, मिशिमा १९७०, कावाबाता १९७२. ही सालं ओळीनं मांडून त्यातून 'जपानी मन' नावाचं काहीतरी काढणारे लेख तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. चौघांची कारणं वेगळी, आणि कावाबातानं तर चिठ्ठीही मागं ठेवली नाही. पुस्तकं मृत्यूच्या चिठ्ठ्या म्हणून वाचली की त्यांतला विनोद, खाणंपिणं, ऋतू, सगळं दिसेनासं होतं. दाझाईची 'स्कूलगर्ल' वाचा. एका मुलीच्या एका दिवसाची गोष्ट आहे आणि ती जिवंतपणानं नुसती सळसळते.

सहावी पायरी: शिष्य, आणि अजिंठा

मिशिमा युकिओ १९४६ मध्ये, विशीतला असताना, कामाकुराला कावाबाताच्या घरी गेला आणि तिथून पुढं पंचवीस वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला. मिशिमाच्या लग्नात कावाबाता मध्यस्थ होता आणि त्याच्या अंत्यविधीच्या समितीचा प्रमुखही. 'द टेंपल ऑफ द गोल्डन पॅव्हिलियन'पासून सुरुवात करा. १९५० मध्ये एका तरुण भिक्षूनं क्योतोतलं सुवर्णमंदिर खरोखरच जाळलं होतं. एवढं सौंदर्य कुणाला का सोसत नाही, हा या कादंबरीचा प्रश्न.

जमलं तर मग त्याची चार भागांची शेवटची मालिका. पहिला भाग 'स्प्रिंग स्नो', ज्याच्या शेवटी मरणारा मित्र होंडाला म्हणतो, आपण पुन्हा भेटू, धबधब्याखाली. तिसरा भाग 'द टेंपल ऑफ डॉन'. त्यात होंडा वाराणसीला जातो आणि तिथून अजिंठ्याला येतो, आणि तिथं त्याला धबधबा दिसतो. मिशिमा १९६७ मध्ये स्वतः भारतात येऊन गेला होता. आपण ज्या लेण्यांत शाळेच्या सहलीबरोबर डबा खाल्ला, तिथं जपानी कादंबरीतल्या पुनर्जन्माचा धागा येऊन गुंततो, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. वाराणसीचीच ओढ असेल तर एन्दो शुसाकुची १९९३ ची 'डीप रिव्हर' जोडीला ठेवा. गंगेकाठी आलेल्या जपानी प्रवाशांची ती गोष्ट आहे.

मुराकामीवरून आलेल्यांसाठी फाटा

मुराकामीच्या कादंबऱ्यांच्या अनुवादकांत 'जे रुबिन' नावाचा एक जण आहे. याच रुबिननं सोसेकीची 'सान्शिरो' आणि आकुतागावाच्या कथाही इंग्रजीत आणल्या, आणि दोन्ही पुस्तकांना प्रस्तावना मुराकामीची आहे. म्हणजे तुमचा लेखक स्वतःच तुम्हाला दार उघडून देतो. 'सान्शिरो' वाचा, खेड्यातून तोक्योच्या विद्यापीठात आलेला पोरगा आहे. तिथून सोसेकीची १९१४ ची 'कोकोरो'. तिच्यातल्या 'सेन्सेई'ला शिक्षक समजू नका. आपण कुणाला आपणहून गुरुजी म्हणायला लागतो आणि ते का म्हणतो हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही, तसं ते आहे. 'कोकोरो'चे मॅक्लेलन आणि मॅकिनी यांचे दोन अनुवाद आहेत. दोन्हींचं पहिलं पान वाचा आणि ज्याचा आवाज पटेल तो घ्या. हे नमुना पान वाचणं कुठल्याही जपानी पुस्तकाबाबत पैसे टाकण्याआधी करा.

ज्या बायका यादीत मागं पडतात

इथपर्यंतचे सगळे पुरुष झाले, आणि इंग्रजीतल्या जुन्या याद्याही अशाच असायच्या. म्हणून हा धागा मुद्दाम धरावा लागतो. हिगुची इचियो १८९६ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली; तिची वेश्यावस्तीजवळ वाढणाऱ्या मुलांची कथा वाचल्यावर कोमाकोसारखी गेइशा वेगळीच दिसायला लागते. एन्ची फुमिकोच्या 'द वेटिंग इयर्स'मध्ये नवऱ्यासाठी रखेल शोधायला बायकोलाच पाठवतात. हे कावाबातानंतर लगेच वाचलं तर शिमामुराबद्दल तुमचं मत बदलेल. माझं बदललं. आजच्यांपैकी ओगावा योकोची 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर' आणि मुराता सायाकाची 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन', दोन्ही लहान, दोन्ही लख्ख.

पैसे, वेळ आणि शेवटचं मोठं पुस्तक

जपानी शिकत असाल तर 'आओझोरा बुन्को' या संकेतस्थळावर सोसेकी, आकुतागावा, दाझाई, तानिझाकी यांचं मूळ लेखन फुकट आहे. मिशिमा आणि कावाबाता तिथं सापडणार नाहीत. २०१८ च्या अखेरीस जपाननं प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वरून ७० वर्षं केली आणि दोघंही त्या रेषेपलीकडे राहिले. अनुवादांचे हक्क मात्र वेगळे असतात, ते विकत किंवा ग्रंथालयातूनच घ्यावे लागतात.

महिन्याला एक पुस्तक धरा, आणि 'माकिओका'ला दोन महिने द्या. दोन जड पुस्तकांच्या मध्ये तळहातकथांचा आठवडा ठेवा.

वर्षभरानंतर 'गेंजी'कडे या. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीनं लिहिलेली ५४ प्रकरणं. तानिझाकीनं ती आधुनिक जपानीत आणली, एन्चीनंही आणली, साइडनस्टिकरनं इंग्रजीत. तुमचा सगळा गोतावळा इथं आधीच येऊन बसलेला दिसेल. आठवड्याला एक प्रकरण पुरे. कावाबातानं ती युद्धाच्या काळात वाचायला घेतली होती, जुन्या लाकडी ठशांच्या प्रतीतून, दिवे मालवलेल्या रात्री आणि कामाकुरा-तोक्यो गाडीत, आजूबाजूला बाँबहल्ल्यातून वाचलेली माणसं बसलेली असताना. निम्मी वाचून झाली तेव्हा जपाननं शरणागती पत्करली.